सल्ला हवा: ९०० लिटरच्या रीफ टँकला कॅल्शियम रिअ‍ॅक्टर, बजेट ५० हजार (सगळं धरून!)

गंगापूररोडचा_मासा
नमस्कार मंडळी. टँक समुद्री कोरलचा (रीफ), सहा फुटी, संप (खालची फिल्टरची टाकी) धरून पाणी ९०० लिटर. अडीच वर्षं झाली. आधी सॉफ्ट कोरल होते, आता अ‍ॅक्रोपोरा-मॉन्टिपोरा (कठीण कोरल) जोरात वाढलेत आणि आल्कलिनिटी (सांगाड्यासाठी लागणारं कार्बोनेट) रोज २ डीकेएचने (तिचं माप) पडते. सध्या टू-पार्ट डोसिंग (कॅल्शियम आणि आल्कलिनिटीची दोन द्रावणं पंपाने सोडणं) चालू आहे, पण कॅन भरून भरून जीव मेटाकुटीला आलाय. रिअ‍ॅक्टर कोणता घेऊ? (नव्यांसाठी: चुनखडीच्या खड्यांवर, म्हणजे मीडियावर, सीओटू सोडून ते विरघळवणारा आणि ते पाणी टँकला देणारा डबा.) आणि पीएच कंट्रोलर (त्या डब्याचा पीएच बघून गॅस चालू-बंद करणारा) लागतोच का? बजेट ५० हजार, त्यात सीओटूची बाटली, रेग्युलेटर (गॅसचं प्रेशर उतरवणारा), पंप सगळं आलं. वर जाणार नाही, घरी शब्द दिलाय. महिन्यातले आठ-दहा दिवस मी नाशिकबाहेर असतो, हेही लक्षात घ्या.

रीफ_आप्पा
डोळे झाकून जर्मन घे. माझा नववं वर्ष चालवतोय, एक वॉशर बदललाय फक्त. लाख-सव्वा लाख जातील, पण एकदाच जातील.

गंगापूररोडचा_मासा
आप्पा, ५० हजार.

रीफ_आप्पा
वाचलं मी. स्वस्तातलं दोनदा घेतोस तेव्हा लाखच होतात.

पंचवटी_टँक
आधी चिलर आहे का ते सांग. एप्रिल-मेमध्ये पाणी ३१ ला गेलं की कसला रिअ‍ॅक्टर न कसलं काय. माझं बिल बघशील तर चक्कर येईल.

सिडको_मरीन
कंट्रोलर घे म्हणजे घेच. माझं ऐक, मग ठरव. रेग्युलेटर सिंगल स्टेज (एकाच टप्प्यात प्रेशर उतरवणारा) घेतला होता, कंट्रोलर नव्हता. बाटली संपत आली की असल्या रेग्युलेटरचं बाहेरचं प्रेशर वाढतं, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आम्ही सगळे वणीला गडावर. रात्री परत आलो तर बबल काउंटरमध्ये बुडबुडे मोजायची सोयच नाही, नुसती धार. टँकचा पीएच ७.४, मासे वरती येऊन तोंड वासतायत. रिअ‍ॅक्टर उघडला तर मीडिया भिजवलेल्या साबुदाण्यासारखा झालेला, बोटात धरला की चिरडायचा. दोन टँग मासे गेले. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, तुम्ही नीट सेट केला नसेल.

इंदिरानगर_नॅनो
बरोबर आहे. कंट्रोलर पाहिजेच. (माझ्याकडे रिअ‍ॅक्टर नाही, ८० लिटरचा टँक आहे.)

सातपूरची_वेल्डिंग
बाटलीचं मी सांगतो, रोजचं काम आहे. अ‍ॅक्वेरियमच्या नावाखाली विकतात ती चकचकीत छोटी बाटली घेऊ नको. अंबड-सातपूरला वेल्डिंगचा गॅस देणारे आहेत, त्यांच्याकडून पाच किलोची घे. जुनी घेतलीस तर खांद्यावर कोरलेली टेस्टची तारीख बघ. भरून आणताना वजन करून घे, गेजवर विश्वास ठेवू नको. आत सीओटू द्रव असतो. तो संपेपर्यंत काटा जागचा हलत नाही, आणि हलला की समज दोन-चार दिवसांचा पाहुणा. बाटली उभीच ठेवायची आणि साखळीने बांधायची. आडवी पडली तर द्रव रेग्युलेटरमध्ये जातो.

देवळाली_कॅम्प
सगळे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, माहीत आहे ना? कागदपत्रं आहेत का?

गंगापूररोडचा_मासा
आयातीचे कागद आहेत, नोंदणीही केलीय. धागा रिअ‍ॅक्टरचा आहे, दादा.

देवळाली_कॅम्प
विचारलं फक्त. बरेच जण आणतात आणि मग गप्प बसतात.

कॉलेजरोड_ताई
ब्रँडवर भांडण्याआधी गणित करू या. ९०० लिटर गुणिले २, म्हणजे रोजची गरज १८००. रिअ‍ॅक्टरमधून येणारं पाणी ३० डीकेएच धरा, टँक ८ वर आहे, फरक २२. १८०० भागिले २२, म्हणजे रोज सुमारे ८२ लिटर, मिनिटाला ५७ मिली. एवढं चोवीस तास ढकलणारा पेरिस्टाल्टिक (नळी दाबत पाणी सरकवणारा) पंप लागेल. डोसिंगचा छोटा पंप सतत चालवला तर त्याची नळी लवकर फाटते. आणि बारीक व्हॉल्व्ह पिळून थेंब-थेंब सोडायच्या भानगडीत पडू नका, तो तुंबतो आणि प्रवाह रोज वेगळा. मीडिया महिन्याला किलोभर विरघळेल. म्हणजे रिअ‍ॅक्टर फार अवाढव्य नको. पैसे पंपात आणि ड्युअल स्टेज रेग्युलेटरमध्ये घाला.

निवळीवाला
एवढा खटाटोप कशाला? कॅल्कवॉसर म्हणजे आपली शाळेतली चुन्याची निवळी. उडालेल्या पाण्याच्या जागी तीच सोडा. पानवाल्याकडचा चुना आणला तरी चालतो, मी चार वर्षं हेच करतोय.

कॉलेजरोड_ताई
पानाच्या चुन्यात काय काय मिसळलंय कुणास ठाऊक. आणि डबा उघडा राहिला की हवेतल्या सीओटूने त्याचा कार्बोनेट होतो, मग तो विरघळतच नाही. शिवाय १८०० ची गरज नुसत्या निवळीवर भागवायची तर रोज १६ लिटर लागेल. तेवढं पाणी उडायला नको का? मेमध्ये पंखे लावून १० उडेल, श्रावणात चारसुद्धा नाही. जोडीला मात्र निवळी उत्तम. रिअ‍ॅक्टर टँकचा पीएच खाली ओढतो, तो रात्री थोडी निवळी सोडली की सावरतो.

निवळीवाला
माझे कोरल जिवंत आहेत, बाकी तुमचं चालू द्या.

पंचवटी_टँक
निवळी एकदम पडली की टँक दुधाळ होतो, माझा झालाय. चिलरचं कुणीच बोलत नाही.

कॉलेजरोड_ताई
कंट्रोलरबद्दल राहिलंच. बहुतेक जण त्यालाच गाडी चालवायला देतात: चेंबरचा पीएच ६.७ झाला की सोलेनॉइड (गॅसचा विजेवरचा व्हॉल्व्ह) उघड, ६.५ झाला की बंद. प्रोब (पीएच मोजणारी कांडी) म्हातारा होऊन वाढीव आकडा दाखवायला लागला की हा शहाणा सीओटू ओततच राहतो. म्हणून बुडबुडे आणि प्रवाह हाताने जुळवायचे आणि कंट्रोलर फक्त राखणदार, ६.३ ला तोडणारा. प्रोब महिन्यातून एकदा ७ आणि ४ च्या द्रावणात तपासायचा.

सातपूरची_वेल्डिंग
ताईंचं पटलं. एक जोडतो. लाईट गेल्यावर इन्व्हर्टरवर काय आहे ते बघ. सोलेनॉइड इन्व्हर्टरवर आणि रिअ‍ॅक्टरचा फिरवणारा पंप साध्या लाईनवर, असं ज्याच्याकडे असतं त्याचा गॅस डोक्यावर साठत बसतो. दोन्ही एकाच बोर्डावर घे.

नाशिकरोड_फ्रॅग
पुण्यात एक जण जुना रिअ‍ॅक्टर विकतोय. घेऊ नको, जोडाला चीर असू शकते. हवं तर माझ्याकडे मॉन्टिपोराचे फ्रॅग (लावायचे तुकडे) आहेत, शनिवारी भेटू.

रीफ_आप्पा
जुना अजिबात नको. जर्मन.

सिडको_मरीन
जुना नको. आणि कंट्रोलर घे.

गंगापूररोडचा_मासा
(बारा दिवसांनी) झालं एकदाचं. पुण्याचा तो जुनाच घेतला. घ्यायच्या आधी तिथल्याच बाथरूममध्ये पाणी भरून रात्रभर टिशूवर ठेवला, सकाळी टिशू कोरडा. ड्युअल स्टेज रेग्युलेटर नवा, पंप नवा, बाटली सातपूरहून, सोलेनॉइड आणि पंप एकाच बोर्डावर. सगळे मिळून ४६ हजार. कंट्रोलर घेतला नाही. (थांबा, शिव्या नंतर.) टू-पार्टचा डोसर काढलेला नाही. मी घरी असेन तेव्हा रिअ‍ॅक्टर, बाहेरगावी निघालो की बाटली बंद आणि डोसर चालू. म्हणजे पहाऱ्यावर कुणी नाही तेव्हा घरात गॅसच उघडा नाही. ताई, पाणी मिनिटाला ५५ मिलीवर ठेवलंय, बाहेर येतंय २६ डीकेएच. हळूहळू वाढवतो.

सिडको_मरीन
आणि निघायच्या गडबडीत बाटली बंद करायला विसरलास तर?

गंगापूररोडचा_मासा
बायकोला दाखवून ठेवलंय कुठल्या बाजूला पिळायचं ते. ती म्हणाली, झोपताना शेगडीचा गॅस बघते तसा हाही बघेन.

रीफ_आप्पा
जर्मनच घ्यायला हवा होता.