‘पॅरिश चर्च’ला मराठीत काय म्हणावे?

‘पॅरिश चर्च’साठी ‘गावचे चर्च’ हा प्रतिशब्द सहज सुचतो, पण तो अपुरा आहे. इंग्लंडमधील डर्बिशायर परगण्यातल्या ईम गावाचे सेंट लॉरेन्स चर्च समोर ठेवले, तर त्यातली उणीव लक्षात येते. पॅरिश म्हणजे नुसती वस्ती नव्हे, तर एका चर्चच्या अखत्यारीतला, हद्द ठरलेला मुलूख. त्या मुलखातले बाप्तिस्मे, विवाह आणि दफने यांची वही ठेवण्याचा हुकूम १५३८ साली निघाला आणि १६०१च्या कायद्याने तिथल्या निराधारांचा भारही पॅरिशवरच टाकला. वसईच्या कॅथलिक समाजातला ‘धर्मग्राम’ हा शब्द मला इथे सर्वांत जवळचा वाटतो, कारण ‘धर्मप्रांत’ (बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) या वरच्या पायरीशी असलेले नातेही त्यात दिसते.

‘रेक्टर’ची अडचण वेगळी आहे. आपल्याकडे हा शब्द ऐकला की वसतिगृह आठवते, तर ‘पाद्री’ म्हटले की ‘व्हिकर’शी असलेला त्याचा भेद पुसला जातो. पॅरिशमधील पिकाचा सगळा दशमांश, म्हणजे चर्चला द्यायचा दहावा हिस्सा, ज्याच्या हक्काचा, तो रेक्टर. आणि तो हक्क मठाकडे किंवा जमीनदाराकडे गेल्यावर त्यांच्या वतीने उपासना चालवणारा, तो व्हिकर, म्हणजे मुळात ‘बदली’चा माणूस. (गोव्यातला ‘विगार’ याच लॅटिन मुळाचा.) ईमचा विल्यम मॉम्पेसन रेक्टर होता, म्हणून त्याच्याविषयी लिहिताना ‘रेक्टर’च ठेवावे आणि पहिल्या उल्लेखात अर्थ उलगडावा.

सर्वांत जपून वापरण्याचा शब्द ‘चर्चयार्ड’, म्हणजे चर्चभोवतालची, मृतांना पुरण्याची जागा. १६६६च्या प्लेगमध्ये, रोग आसपास पसरू नये म्हणून मॉम्पेसनच्या सांगण्यावरून ईमच्या लोकांनी स्वतःला गावाच्या हद्दीत बांधून घेतले, उपासना उघड्या दरीत होऊ लागली, आणि मृतांना चर्चयार्डात न नेता आपापल्या शेतात, परसात पुरावे असे ठरले. हे ‘दफनभूमी बंद झाली’ असे लिहिले, तर केवळ जागेची गैरसोय झाली असे वाटेल. प्रत्यक्षात, मंत्रून पवित्र केलेल्या भूमीत, पूर्वजांशेजारी विसावण्याचा हक्क ते लोक सोडत होते. एलिझाबेथ हॅनकॉकने आठ दिवसांत नवरा आणि सहा मुले अशीच शेतात पुरली. शिवाय त्या चर्चयार्डात आठव्या शतकातला दगडी क्रूसही उभा आहे, त्यामुळे एरवी ‘चर्चचे आवार’ म्हणावे, आणि दफनाच्या हक्काचा प्रश्न असेल तिथे ‘चर्चची पवित्र भूमी’.