मुलगा शाळेला म्हणून निघतो, शाळेत पोचत नाही. मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातले. मुलगा आठवीत, वय १३. चौथीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत होता, पाचवीपासून इंग्रजी माध्यमाच्या हायस्कुलात. रोज सकाळी दप्तर, डबा घेऊन कदंबा बसने जातो, दुपारी वेळेवर परत येतो. गेल्या सोमवारी वर्गाच्या टीचरचा फोन आला, दोन महिन्यांत १७ दिवस गैरहजर. मी आधी म्हटलं, टीचर, तुमचा काहीतरी घोटाळा झालाय.

त्या रात्री त्याच्या बाबांनी त्याला मारलं. मी मध्ये पडले नाही, ते अजून मनाला खातंय. तीन दिवस मुकाट्याने शाळेत गेला, शुक्रवारी परत गायब. नदीकाठच्या बंद पंपघरात बसतो म्हणे, एकटाच. टोळकं नाही, गुटखा नाही, मोबाईल तर त्याच्याकडे नाहीच. डबा तिथेच खातो आणि बसच्या वेळेला स्टँडवर येतो.

मग मी टीचरकडून तारखा मागून घेतल्या आणि कालनिर्णयवर पेनाने गोल केले. १७ पैकी १४ गोल मंगळवार-शुक्रवारचे. वेळापत्रक बघितलं तर त्याच दोन दिवशी इंग्रजीचा जोडतास, एकेकाला उभं करून धडा वाचायला लावतात. विज्ञानाची वही उघडली. फळ्यावरचं इंग्रजी सुंदर अक्षरात उतरवलंय आणि प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने बारीक लिहिलंय, 'द रूट ॲब्सॉर्ब्ज वॉटर'. अर्थ कुठेच नाही, नुसता उच्चार. इतकी वर्षं पोर असंच पाठ करून पास होत आलंय आणि मला पत्ता नाही.

जवळ घेऊन विचारलं तर एवढंच म्हणाला, "आये, माका वाचूंक येना. सगळी हांसतात."

आता शाळेत कुणाशी बोलू? वर्गात बोभाटा झाला तर तो अजिबात जायचा नाही. आठवीत इंग्रजी मुळापासून कसं शिकवायचं? मी स्वतः दहावी मराठीतून. आणि हजेरीवरून नाव काढतील का?

निवृत्त शिक्षक, डिचोली: ताई, नाव काढण्याची भीती सोडा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. आधी टीचरना एकट्या भेटा, शाळा सुटल्यावर, आणि ती वही दाखवा. महिनाभर त्याला अचानक उभं करू नका, वाचायचा परिच्छेद आदल्या दिवशी सांगा, एवढंच मागा. शाळेत समुपदेशक येत असतील तर त्यांचीही वेळ घ्या. घरी दुसरी-तिसरीची इंग्रजी पुस्तकं आणा, रोज १५ मिनिटं, वर देवनागरी लिहू न देता. त्याआधी एक गोष्ट मात्र बघाच, मराठी कसं वाचतो? तिथेही अडखळत असेल तर डोळे तपासा आणि डिस्लेक्सियाची, म्हणजे अक्षरं वाचण्यातच येणाऱ्या अडचणीची, तपासणी करून घ्या. मग नुसत्या शिकवणीने भागणार नाही.

पेडण्याची आई: माझा थोरला सहावीत असंच करायचा. आम्हीही मारलं, तेव्हा तो जागा बदलून लपायला लागला, बाकी काही नाही. शेजारच्या दहावीतल्या मुलाबरोबर बसने पाठवायला लागले तेव्हा फरक पडला. परत जायला लागला की पहिले आठ दिवस अभ्यासाचं काही विचारू नका.

मूळ प्रश्नकर्ती: सर, ताई, खूप आभार. काल रात्री त्याच्याकडून 'नवप्रभा' वाचून घेतला. खेळाचं पान सरसर वाचलं, मधेच थांबून मला स्कोअरही समजावला. डोळे तरी तपासून घेते. गुरुवारी वही घेऊन टीचरना भेटायला जातेय. त्याच्या बाबांनाही बरोबर नेऊ, की पहिल्या वेळी एकटीच जाऊ?