मकेना निकालाचं काय?

आयर्लंडच्या पर्यावरणवादी नेत्या पॅट्रिशिया मकेना यांनी २००९ मध्ये तिथला ग्रीन पक्ष सोडला, युरोपीय संसदेची निवडणूकही हरल्या, म्हणजे त्यांच्या राजकारणातून हाती काहीच राहिलं नाही, असं काहींचं म्हणणं आहे. १९९४ ते २००४ त्या युरोपीय संसदेत डब्लिनच्या खासदार होत्या, २००७ च्या पक्षनेतेपदाच्या लढतीत जॉन गोर्मली यांनी त्यांना हरवलं, हे सगळं बरोबर. पण निष्कर्ष मला अजिबात पटत नाही.

या म्हणण्यात त्यांच्या १९९५ च्या खटल्याचा उल्लेखच नाही. राज्यघटनेतली घटस्फोटावरची बंदी उठवण्यासाठी आयर्लंडमध्ये सार्वमत होतं आणि सरकारने 'हो'च्या प्रचाराला सरकारी तिजोरीतून पाच लाख पौंड ठेवले होते. मकेना कोर्टात गेल्या. घटस्फोट हवा की नको हा मुद्दाच नव्हता. करदात्यांच्या पैशाने एकाच बाजूचा प्रचार करता येतो का, एवढाच प्रश्न होता. मतदानाला जेमतेम आठवडा उरला असताना सुप्रीम कोर्टाने सांगितलं, नाही करता येत. बंदी उठवणारी घटनादुरुस्ती तरीही मंजूर झाली, अवघ्या नऊ हजारांच्या आसपास मतांनी! पुढे १९९८ मध्ये सार्वमत आयोगाचा कायदा आला आणि मतदारांना तटस्थ माहिती देण्याचं काम आयोगाकडे गेलं. मंत्री आपलं मत आजही जोरात मांडू शकतात, फक्त त्यासाठी सरकारी पैसा वापरता येत नाही. तिथे प्रत्येक सार्वमताच्या वेळी 'मकेना निकाल' हे नाव निघतंच. मंत्रिपद न मिळवता एवढं करणारे पर्यावरणवादी नेते मला तरी फार दिसत नाहीत.