एमडीसी (मिथिलीन डायक्लोराइड) हे सॉल्व्हंट काढून इथाइल अ‍ॅसिटेट घातलं की औषधाचा प्लांट ग्रीन झाला का?

रिफ्लक्स_रात्रपाळी:
हल्ली कस्टमरचं ऑडिट असलं की चहा यायच्या आधी प्रश्न येतो, एमडीसी कधी बंद करताय? त्याच्या जागी इथाइल अ‍ॅसिटेट घाला, ते ग्रीन. माझ्या मते यात फक्त ड्रमवरचं लेबल बदलतं. ईए (म्हणजे हेच इथाइल) पाण्यात साधारण ८ टक्के विरघळतं, एमडीसी जेमतेम दीड-दोन. म्हणजे वॉशिंगचं पाणी ईटीपीला (सांडपाणी प्रक्रियेला) जाताना कितीतरी जास्त सॉल्व्हंट घेऊन जाणार, सीओडी (सांडपाण्याचा प्रदूषणभार) वर, मग पाण्यातलं सॉल्व्हंट वाफेने उडवायला स्ट्रिपर लावा, स्ट्रिपरला स्टीम, स्टीमला बॉयलर आणि बॉयलरमधे काय जळतं ते बघायला ऑडिटर कधी जात नाही. शिवाय ईएचा फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ ठिणगीने पेटते तो) उणे ४ डिग्री, एमडीसी सहजासहजी पेटत नाही. आहे तेच नीट रिकव्हर करून परत वापरा, पर्यावरणाचं जास्त भलं होईल.

टायट्रेशनताई:
भलं कुणाचं? सेंट्रिफ्यूज (गरगर फिरवून गाळणारं मशीन) उघडणाऱ्या पोराचं? एमडीसी ४० डिग्रीला उकळतं, एप्रिलमधे तारापूर-महाडला कूलिंग टॉवरचंच पाणी गरम, चिल्ड ब्राइन (गार केलेलं मिठाचं पाणी) नसेल तर कंडेन्सर शोभेला आणि तुमची रिकव्हरी व्हेंटमधून आभाळात. श्वासातून गेलेल्या एमडीसीपासून शरीरात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, हे किती ऑपरेटरना सांगितलंय? अमेरिकेने २०२४ मधे बहुतेक वापर बंद करायचा नियम काढला, जिथे राहू दिला तिथे आठ तासांची सरासरी मर्यादा हवेत २ पीपीएम (दहा लाखात दोन भाग), आधी २५ होती. ते काय लेबल बघून केलं का?

रिफ्लक्स_रात्रपाळी:
मग उघडं सेंट्रिफ्यूज काढून एएनएफडी (बंद फिल्टर-ड्रायर) बसवा ना! त्याच सेंट्रिफ्यूजवर नायट्रोजन न देता ईए चालवलं तर स्टॅटिकची एक ठिणगी पुरे, मग पीपीएम मोजायला कोण उरतंय.

बॅचकार्ड_बंड्या:
तुम्ही दोघं लेयर (पाण्याचा आणि सॉल्व्हंटचा थर) विसरलात. एमडीसी जड, खालून काढलं की पाणी तिथेच, पुढचं एक्स्ट्रॅक्शन सुरू. ईए वर तरंगतं, म्हणजे दरवेळी आधी पाणी दुसऱ्या व्हेसलमधे काढा, मग ऑरगॅनिक बाजूला करा, मग पाणी परत आणा, आणि मधेच इमल्शन (थर न सुटणारं दुधाळ मिश्रण) झालं तर शिफ्ट गेली. मॉलिक्यूलवर मोकळं अमाइन (नायट्रोजनवाला गट) असेल तर ईएमुळे अ‍ॅसिटाइल इम्प्युरिटी, कॉस्टिकचा वॉश दिला तर ईए स्वतःच फुटतं. हे सगळं सुधरवून झालं की डीएमएफ अमेंडमेंट (औषध नियामकाकडे दिलेल्या प्रोसेसच्या फाइलवाला डीएमएफ, ड्रममधलं सॉल्व्हंट नव्हे).

चिपाडवाला:
पण ईए आपल्याच उसाच्या अल्कोहोलचं, साकरवाडी, महाड इथे बनतंय. २-मिथाइल टीएचएफ हे सॉल्व्हंट तर चिपाडातल्या, मक्याच्या बुरकुंडातल्या फरफ्युरल नावाच्या रसायनापासून होतं, साध्या टीएचएफसारखं पाण्यात पूर्ण मिसळत नाही, लेयर छान सुटतात. हा मुद्दा कुणी का काढत नाही?

रिफ्लक्स_रात्रपाळी:
काढू की. ईएमधे अल्कोहोल उसाचं, अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड मात्र मुख्यतः मिथेनॉलचं, म्हणजे गॅस नाहीतर कोळसा. अर्धाच ग्रीन. आणि ऊस किती पाणी पितो ते लातूरला विचारा. २-मिथाइल टीएचएफचा भाव बघितलाय का? वर पेरॉक्साइड (स्फोट करू शकतात असे) होतात ते वेगळंच.

टायट्रेशनताई:
पेरॉक्साइड साध्या टीएचएफमधे पण होतात, तेव्हा चालतं का? आणि बदली विरुद्ध रिकव्हरी हे भांडणच मला पटत नाही. फायझरने सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या औषधाची प्रोसेस बदलली, तीन स्टेप एकत्र केल्या, टीएचएफ, टोल्युइन, हेक्झेन, एमडीसी सगळं काढून एकटं इथेनॉल ठेवलं, टनामागे ६० हजार गॅलन सॉल्व्हंट लागायचं ते ६ हजारावर आलं. २००२ ला अमेरिकेचा ग्रीन केमिस्ट्रीचा पुरस्कार मिळाला त्याला. जे वापरलंच नाही ते रिकव्हर करायला लागत नाही.

बॅचकार्ड_बंड्या:
ताई, तो फायझर. आपल्याकडे किलोमागे पाच रुपये कमी करा म्हणणारा परचेसवाला असतो.

रिफ्लक्स_रात्रपाळी:
हेच. ऑडिटवाल्याला एकदा विचारा, ग्रीन प्रोसेसचे दोन टक्के जास्त देणार का, मग बघा विषय कसा बदलतो.

टायट्रेशनताई:
विचारते. तोवर तुम्ही व्हेंटचं ब्राइन तरी चालू ठेवा, रात्री लाइट बिलासाठी चिल्लर (ब्राइन गार करणारं मशीन) कुठे कुठे बंद असतो ते माहितीये सगळ्यांना.