माऊस उघडून दुरुस्त केलाय का कुणी? आपापले अनुभव सांगा

मी डावखुरी आहे. माऊस डाव्या हातात धरते आणि सेटिंगमधे बटणं उलटी करून ठेवलीत, त्यामुळे माझं सगळं क्लिक करणं उजव्या बटणावर चालतं. हल्लीचे बरेच चांगले माऊस उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी खोबण काढलेले असतात, ते मला धरताच येत नाहीत, म्हणून २०१५ साली घेतलेला, दोन्हीकडून सारखा असलेला साधा वायरवाला माऊस मी इतकी वर्षं जपून वापरतेय. आता तो एकदा क्लिक केलं की दोनदा क्लिक झाल्यासारखं करतो. फाईल निवडायला जावं तर उघडतेच, आणि धरून ओढायला गेलं की अर्ध्यात सुटून भलत्याच फोल्डरमधे पडते. मी घरून जीएसटीची कामं करते, परवा एका क्लायंटची फाईल दुसऱ्याच्या फोल्डरमधे जाऊन पडली ती शोधण्यात पाऊण तास गेला. घरातले म्हणतात तीनशे रुपयांत नवा येतो. येतो, पण मला हाच हवाय.

तुम्ही कुणी माऊस उघडलाय का? काय बिघडलं होतं, काय केलं, जमलं का नाही, सगळं लिहा. फक्त डबल क्लिकचंच नाही, कुठल्याही बिघाडाचं चालेल.

* * *

२००२ ते २००९ तालुक्याच्या गावी एमएससीआयटीचं सेंटर चालवलं. पंधरा कॉम्प्युटर, सगळ्यांना बॉलवाले माऊस. चपला बाहेर काढायला लावायचो, पडदे लावले होते, तरी मळ साचायचाच, कारण तो जमिनीवरून येतच नाही, हाताच्या घामातून आणि कापडी पॅडच्या तंतूंतून येतो. दर शनिवारी दुपारी क्लास सुटला की पंधराच्या पंधरा माऊस उलटे करून टेबलावर मांडायचे. खालची गोल चकती बाणाच्या दिशेने फिरवली की बॉल तळहातावर येतो, चांगला जड असतो, आत लोखंड वरून रबर. तो साबणाच्या पाण्यात धुवायचा आणि पूर्ण सुकू द्यायचा. पण खरा आजार बॉलमधे नसतोच, आत जे दोन रोलर असतात ना त्यांच्या मधोमध मळाचं काळं कडं बसतं. ते नखाने किंवा काडेपेटीच्या काडीने हळू खरवडलं की अख्खी पट्टी निघून येते. ती निघाली की फार समाधान वाटायचं, आजही आठवतं. पॉइंटर आडवा छान पळतोय आणि वरखाली जाताना अडतोय म्हणजे उभ्या हालचालीच्या रोलरवर कडं आहे, असं न उघडताच सांगता यायचं. कोपऱ्यात स्प्रिंगवर बसवलेलं तिसरं छोटं चाक असतं, ते बॉलला दोन्ही रोलरवर दाबून धरतं, त्याला सगळे विसरतात.

पोरांना मी उघडा माऊस दाखवूनच शिकवायचो. रोलरच्या टोकाला बारीक खाचांची चकती, एका बाजूला डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड दिवा, दुसऱ्या बाजूला तो ओळखणारा सेन्सर, चकती फिरली की प्रकाश तुटक तुटक पोचतो आणि ते मोजून पॉइंटर सरकतो. डग्लस एंगलबार्ट यांच्या १९६४ च्या पहिल्या माऊसला तर बॉलही नव्हता, बिल इंग्लिश यांनी लाकडाच्या ठोकळ्याखाली काटकोनात दोन चाकंच बसवली होती. ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोत तो सगळ्यांना दाखवला. हे सांगितलं की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा पुढे येऊन बघायची.

एक सूचना. जुना पीएस-टू पिनचा माऊस असेल, हिरव्या गोल पिनवाला, तर कॉम्प्युटर चालू असताना काढू-घालू नका. यूएसबीला चालतं, याला नाही.

ताई, तुमच्या माऊसला बॉल नाही त्यामुळे माझं औषध तुम्हाला लागू पडणार नाही, पण घरात माळ्यावर जुना माऊस असेल तर टाकू नका. सुटे भाग त्यातूनच मिळतात.

* * *

माझा अनुभव एका ओळीचा आहे. पॉइंटर जागच्या जागी थरथरायचा, ड्रायव्हर टाकून झाला, पॅड बदलून झालं, शेवटी माऊस उलटा करून टॉर्च मारला तर सेन्सरच्या खळग्यात पापणीचा एक केस! सुक्या कानकाडीने काढला, झालं. लाल दिव्याचा माऊस म्हणजे टेबलाचे सेकंदाला शेकडो-हजारो फोटो काढणारा छोटा कॅमेराच, त्याच्या डोळ्यासमोर केस हलला तर त्याला टेबलच हलल्यासारखं वाटणार.

* * *

डीटीपीचं काम करतो, सांगलीला, जास्त करून लग्नपत्रिका. ऐन लगीनसराईत माऊस मधेच मरायचा आणि वायर जरा हलवली की जिवंत व्हायचा, मग मी वायरला पीळ देऊन रबर लावून ठेवलं होतं, आठ दिवस तसंच काम केलं, आणि एकदा वधूपित्याचं नाव हलवताना तो बंद पडला तेव्हा ठरवलं की आता उघडायचाच. वायर माऊसमधे शिरते ना त्याच ठिकाणी तुटते, कायम, कारण वाकण तिथेच पडते, वरून साल शाबूत दिसते आणि आत तांब्याचे केस तुटलेले असतात. चार बोटं वायर कापून टाकली, आतला छोटा पांढरा कनेक्टर होता त्याच्या वायरींना जोड दिला, सोल्डर करून वरून आवळणारी नळी चढवली. आता महत्त्वाचं ऐका, यूएसबीचे रंग लाल पाच व्होल्ट, काळा ग्राउंड, पांढरा आणि हिरवा डेटा असे असतात म्हणतात, माझ्यात निळा आणि नारिंगी निघाले! म्हणून कापायच्या आधी मोबाईलवर फोटो काढा आणि कुठली वायर पिनच्या कुठल्या टोकाला जाते ते मल्टिमीटरच्या बीपवर तपासा. दुसऱ्या माऊसची अख्खी केबल बसवायची असेल तरी हेच करा, कनेक्टर सारखा दिसतो पण आतला क्रम वेगळा असू शकतो, लाल-काळं उलटं झालं तर माऊस कायमचा गेला. माझा नंतर तीन सीझन चालला.

* * *

आम्ही रत्नागिरीजवळ राहतो. आमच्याकडे पाऊस जूनमधे आला की माऊसला दोन रोग होतात. पहिला म्हणजे तो मऊ रबरासारखा मुलामा असतो ना, तो दोन-तीन पावसाळ्यांत चिकट होतो, गुळाचा हात लागल्यासारखा. पावडर लावून बघितली, दोन दिवस टिकते. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणलं, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, सुती फडक्यावर घेऊन अर्धा तास घासत बसले. काळा थर फडक्यावर येतो, येतच राहतो, आणि खाली चांगलं टणक प्लास्टिक निघतं. आता तो दिसायला साधा झालाय पण धरवतो तरी. सॅनिटायझर नका वापरू, त्यात बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं, परत चिकट.

दुसरा रोग चाकाचा. खाली फिरवलं की पान वर जायचं. उघडल्यावर चाकाच्या दांड्याला केस गुंडाळलेले, ते चिमट्याने काढले, आणि दांडा ज्या छोट्या चौकोनी डबीत जातो, एन्कोडर म्हणतात तिला, तिच्या फटीत अल्कोहोलचे दोन थेंब सोडून चाक शंभरेक वेळा पुढेमागे फिरवलं. बरं झालं. मात्र चार महिन्यांनी परत करावं लागलं, म्हणजे हा कायमचा उपाय नाही, एन्कोडर झिजला की बदलणंच खरं. आणि हो, एकदा आत लाल मुंग्यांनी अंडी घातली होती. तेव्हापासून माऊसजवळ खाणं बंद केलंय घरात, मुलांनाही.

* * *

कृपया कुणीही आत गंज काढायचा तेलकट स्प्रे मारू नका. मी मारला होता. स्विच दोन दिवस सुरळीत चालला आणि मग तेलाचा पापुद्रा सेन्सरच्या भिंगावर उतरला, धूळ त्यावर बसली, पॉइंटर हलेचना. चांगला माऊस गेला त्याचं अजून वाईट वाटतं.

* * *

मी बंगळुरात असतो, हार्डवेअरमधे काम करतो, आणि डबल क्लिकचे डझनभर तरी माऊस नीट केलेत म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बटणाखाली तीन पायांचा एक मायक्रोस्विच असतो. त्यात तांब्याची कागदासारखी पातळ पट्टी, तिचीच एक जीभ वाकवून स्प्रिंग केलेली. दाबलं की पट्टी टक्कन खालच्या टोकाला चिकटते, पण चिकटताना क्षणभर उड्या मारते, जमिनीवर पडलेल्या गोटीसारखी. माऊसची चिप या उड्या मोजू नये म्हणून काही मिलिसेकंद थांबते. पट्टीचा ताण गेला किंवा टोकावर काळा थर चढला की उड्या त्या वेळापेक्षा लांबतात आणि चिपला वाटतं दोन क्लिक झाले. ओढताना फाईल सुटते त्याचंही कारण तेच, दाबून धरलेलं असताना मधेच संपर्क तुटतो. या स्विचचं आयुष्य १ कोटी, २ कोटी क्लिक असं छापलेलं असतं, पण ज्याचं कामच दिवसभर क्लिक करण्याचं त्याचा स्विच आधी दमतो.

ताई, तुम्ही आधी एक करा. सेटिंगमधे बटणं थोड्या वेळासाठी सुलटी करा आणि डाव्या बटणाने फाईल ओढून बघा. नीट ओढली गेली तर तुमचा उजवा स्विच गेलाय हे नक्की. तुमच्या बाबतीत डावा जवळजवळ नवाच असणार.

उघडताना स्क्रू दिसत नाहीत म्हणून गडबडू नका. ते खालच्या घसरपट्ट्यांखाली किंवा स्टिकरखाली असतात. हेअर ड्रायरने गरम करून पट्टी सावकाश उचला. नंतर दोन मार्ग. एक, पातळ पात्याने स्विचचं झाकण उचकून पट्टी काढायची, टोक साफ करायचं, जीभ किंचित वाकवून परत बसवायची. पैसे लागत नाहीत, पण पट्टी परत बसवताना रडकुंडीला येतो माणूस, आणि वरचा दाबायचा ठिपका तिळाएवढा असतो, तो उडाला की सापडत नाही, म्हणून खाली पांढरं कापड अंथरा. दोन, नवा स्विच सोल्डर करायचा. मी एस. पी. रोडवरून आणतो, मिळाले तर ओमरॉनचे डी२एफ-०१एफ, ते कमी करंटसाठीच बनवलेले असतात. पुण्यात असाल तर तपकीर गल्लीत विचारा, मुंबईत लॅमिंग्टन रोड. काही माऊसमधे मधल्या बटणाला तसाच स्विच असतो, तो काढून लावता येतो, पण स्वस्त माऊसमधे तिथे वेगळाच छोटा चौकोनी असतो, आधी बघून घ्या.

* * *

लिनक्सवाल्यांसाठी: माऊस-कीबोर्ड सांभाळणारा जो लिबइनपुट नावाचा भाग असतो त्यात स्विचच्या या उड्या गाळायची सोय आतूनच आहे, स्विच थोडा खराब असेल तर महिनोन् महिने कळतही नाही. विंडोजवर आणलं की बिंग फुटतं.

* * *

शिक्षिका आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत बिनवायरच्या माऊसमधे सेल तसाच राहिला, जूनमधे उघडलं तर पांढरी-हिरवट बुरशी आणि सेल फुगलेला. तो क्षार असतो, अल्कधर्मी, म्हणून व्हिनेगर नाहीतर लिंबाच्या रसात बुडवलेली कानकाडी फिरवायची, फसफसतं, मग अल्कोहोलने पुसून नीट वाळवायचं. हातमोजे घाला. स्प्रिंग पार खाऊन गेली होती तिथे मी अल्युमिनियम फॉइलची घडी दाबून बसवली, चाललंय अजून. आता सुट्टीआधी सेल काढून ठेवते, वर्गातल्या घड्याळाचेसुद्धा.

* * *

बिनवायरचा माऊस अडखळत असेल तर उघडायच्या आधी त्याचा रिसीव्हर निळ्या यूएसबी ३ पोर्टमधे आणि शेजारी हार्ड डिस्क आहे का बघा. यूएसबी ३ मुळे २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो, इंटेलने २०१२ मधे यावर लिहून ठेवलंय. मी वीतभर एक्स्टेन्शन लावून रिसीव्हर माऊसजवळ आणला, त्याच दिवशी थांबलं. दोन माऊस उगाच बदलून झाले होते तोवर.

* * *

धागा काढणारी मीच. दहा दिवस उत्तर दिलं नाही कारण करून बघत होते.

बटणं सुलटी करून डाव्याने ओढलं, एकही फाईल सुटली नाही. उजवा स्विचच. हेअर ड्रायरने पट्ट्या काढल्या, एक स्क्रू स्टिकरखाली होता तो बोटाने दाबून खड्डा लागला तेव्हा सापडला. मधल्या बटणाखाली छोटा चौकोनीच निघाला, म्हणजे तो मार्ग बंद. मग सेंटरवाल्या सरांचं वाक्य आठवलं आणि माळ्यावर चढले. २००३ चा बॉलवाला माऊस मिळाला, हिरवी पिन, वायर पिवळी पडलेली. उघडला तर आत तोच तीन पायांचा स्विच! पायांमधलं अंतर पट्टीवर मोजलं, सारखं. मला सोल्डर येत नाही म्हणून दोन्ही घेऊन आमच्या चौकातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले, त्यांनी माझ्यासमोर दहा मिनिटांत जुन्यातला काढून यात बसवला. चाळीस रुपये घेतले आणि डावा स्विचही बदलू का विचारलं, मी नको म्हटलं.

आता डाव्या बटणाचा आवाज टिक आणि उजव्याचा जरा जाड, टक असा येतो. गेल्या दोन दिवसांत अकरा क्लायंटच्या फाईली हलवल्या, सगळ्या जागच्या जागी पडल्या. जुन्या माऊसचे रोलरही उघडून बघितले, मळाची पट्टी अख्खी निघाली, सर म्हणतात ते खरं आहे.

फक्त घसरपट्ट्या काढताना दोन फाटल्या, माऊस टेबलावर खरखरतो. त्या सुट्या मिळतात का?

* * *

मिळतात. टेफ्लॉनच्या असतात, ऑनलाइन माऊस स्केट्स नावाने शोधा. साधारण ०.६ आणि ०.८ मिलिमीटर जाडीच्या येतात, जुनी न फाटलेली आहे तिची जाडी बघून घ्या आणि चारही एकदम बदला, नाहीतर माऊस डुगडुगेल. लावायच्या आधी जुना गोंद अल्कोहोलने पूर्ण काढा.