टॉवेलावरचा केस मुळासकट आहे की तुटका? पुरुषांनो, आपले अनुभव लिहा

धागाकर्ता, बेसा रोड

मंडळी, हा धागा मुद्दाम काढतोय. टक्कल पडायला लागलं की सगळं घर सल्ले देतं. पण केस मधूनच तुटणं हा निराळा प्रकार आहे, हे मला वयाच्या ३६व्या वर्षी कळलं. तोवर दोन वर्षं भलत्याच दुखण्यावर पैसे घातले होते.

नागपुरात माझं काम फिरतीचं. सकाळी गाडी काढायची, इतवारी, सक्करदरा, मानेवाडा करत अंधार पडता परत. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की हेल्मेटखाली केस घामानं चिंब. घरी आलं की तेच केस टॉवेलनं खसाखसा पुसायचे आणि लगेच कंगवा. कानशिलावरचे केस आखूड होऊन उभे राहायला लागले. वडिलांना टक्कल होतं, तेव्हा आपलाही नंबर लागला असं धरून मी मिनॉक्सिडिल हे टकलावरचं औषध लावत बसलो.

खरं काय ते कळलं कटिंगच्या दुकानात. कात्री लावण्याआधी कारागिरानं नुसता कंगवा फिरवला, तर अंगावरच्या काळ्या कापडावर बोटाच्या पेराएवढे तुकडे पडले. एक उचलून त्यानं ट्यूबलाइटखाली धरला. "मुळातून आलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ असते भाऊ. याला दोन्हीकडून नाही. हा गळला नाही, तुटला." दुसऱ्या केसावर मधेच मिठाच्या कणासारखा पांढरा ठिपका होता. त्यानं तो हलकेच वाकवला, तर बरोब्बर ठिपक्यावरच मोडला.

नंतर त्वचेच्या डॉक्टरांनी भिंगातून दाखवलं. ठिपक्याच्या जागी वरचे खवले झिजून आतले तंतू उघडे पडले होते, दोन खराटे एकमेकांत खुपसावेत तसे. त्या म्हणाल्या, त्वचेबाहेरचा केस जिवंत नसतो, त्यामुळे तो जखमेसारखा भरून येत नाही. इजा थांबवायची, तुटकं टोक कापायचं आणि नवा केस येऊ द्यायचा. तो महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. मिनॉक्सिडिल टकलासाठी ठीक आहे, तुटक्या केसाशी त्याचा संबंध नाही.

ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो, एवढी एक गोष्ट शाळेत सांगितली असती तरी माझं निम्मं नुकसान टळलं असतं. आता ओल्या केसांवर हेल्मेट घालत नाही. आत तलम दुपट्टा बांधतो, तो रोज धुतो. टॉवेल घासत नाही, दाबून पाणी टिपतो. रुंद दातांचा कंगवा, तोही केस सुकत आले की.

तुमचं काय झालं, कशानं थांबलं, ते लिहा. जे करून फसलं, तेही लिहा.

सलूनवाला, गोकुळपेठ

१९ वर्षांपासून हेच काम करून राहिलो. आधी आमच्याच धंद्याची चूक सांगतो. बोथट कात्रीनं केस कापला जात नाही, चेचला जातो, आणि तिथंच त्याला फाटे फुटतात. केस हलके करायला वस्तरा ओढतात, तेही तसंच. दुकानात गेले तर विचारा, कात्रीला धार कधी लावली. चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही.

दुसरं म्हणजे पोरं आज ब्लीच करतात आणि पंधरा दिवसांनी स्मूदनिंग, म्हणजे केस सरळ करणं, मागतात. ब्लीचमधलं पेरॉक्साइड केसाचा रंग काढता काढता त्याची ताकदही नेतं. केस सरळ करायच्या कडक औषधांत आतले गंधकाचे बंधच तोडतात. एकावर एक दोन्ही केलं की केस ओला असताना रबरासारखा लांबतो आणि परत येत नाही. असं गिऱ्हाईक आलं की मी पैसे घेत नाही, परत पाठवतो. "केराटिन केलं की केस दुरुस्त होतो" असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. तो वरून दिलेला थर आहे. हात लावला की छान वाटते, पण धुता धुता उतरते.

इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, वाडी

मी रोज सकाळी अंघोळ झाल्या झाल्या ड्रायर पूर्ण गरम करून टाळूजवळ धरत होतो, कारण बस सातची. कपाळावरच्या झुलपांचा जळका वास यायचा. डॉक्टरांनी सांगितलं की ओल्या केसाच्या आतलं पाणीच उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि केस आतून पोकळ होतो. झुलपं कापून टाकली. आता अंघोळ रात्री.

झाडीपट्टीतला कलावंत, सध्या नागपुरात

माझी गोष्ट जरा लांब आहे, पण लांब केस राखणाऱ्यांच्या कामाची आहे.

एका भूमिकेसाठी दोन हंगाम केस वाढवले. टोप चालला असता, पण पहिल्या रांगेतल्या माणसाला टोप ओळखू येतो, आणि आमचा प्रेक्षक रात्रभर जागून नाटक पाहतो. दिवाळीपासून होळीपर्यंत आज चंद्रपूरकडचं गाव, उद्या गडचिरोलीकडचं. रोज उलटा कंगवा मारून केस फुगवायचे, वरून स्प्रे, मग साधं रबर लावून घट्ट अंबाडा. पहाटे प्रयोग संपला की झोप अनावर झालेली असायची. कडक झालेला अंबाडा तसाच ओढून सोडायचो. रबराला गुंडाळून केसांचं भेंडोळं यायचं. मी ते गाडीच्या खिडकीतून टाकून द्यायचो. नीट पाहिलं कधीच नाही.

दुसऱ्या हंगामाच्या शेवटी मेकअप करणाऱ्या दादांनी आरशात कानांच्या वरची जागा दाखवली. त्वचा दिसत होती. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, त्वचारोग ओपीडीत गेलो तेव्हा दोन दुखणी निघाली. लांबीचे केस स्प्रे आणि उलट्या कंगव्यानं तुटत होते. कानशिलाचे मात्र सततच्या ओढीनं मुळातून जात होते. ही ओढ वर्षानुवर्षं राहिली तर मूळ कायमचं मरतं आणि तिथं पुन्हा केस येत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. मी वेळेत पोचलो.

आता प्रयोगानंतर कितीही झोप आली तरी आधी केस भिजवतो, भरपूर कंडिशनर लावतो आणि गुंता बोटांनी सोडवतो. टोकापासून सुरुवात, मुळाकडे शेवटी. अंबाडा सैल, कापड मढवलेल्या बँडचा, रोज थोड्या वेगळ्या जागी. पंधरा मिनिटं जातात. मंडळीतल्या मुलींना हे सगळं आधीपासून ठाऊक होतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

निवृत्त शिक्षक, धरमपेठ

तेलाविषयी. आमच्या घरी सगळी तेलं सारखीच धरायचे. २००३ साली खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल तेल यांची तुलना छापून आली, त्यात केसातलं प्रथिन धुऊन जाण्याला खोबरेलानंच ठळक आळा घातला होता. ते केसाच्या आत शिरतं. मी अंघोळीच्या तासभर आधी थोडंसं लावतो, नंतर धुतो. तेल चोपडून रस्त्यावरची धूळ खात फिरायचं नाही. डिसेंबरात बाटली गोठते, ती उन्हात ठेवावी, गॅसवर नको.

एक वडील, पाचपावली

आमचा मुलगा ८ वर्षांचा. डोक्यावर रुपयाएवढा चट्टा, तिथले केस टाळूला लागूनच तुटलेले, काळे ठिपके, वर कोंडा. आजीनं तेल लावलं, शेजाऱ्यांनी लिंबू चोळायला सांगितलं. महिना गेला, चट्टा वाढला. ते बुरशीचं निघालं, म्हणजे गजकर्णच, पण डोक्यावरचं. नुसत्या मलमानं ते जात नाही, कारण बुरशी केसाच्या मुळाशी असते. पोटातून औषध काही आठवडे द्यावं लागलं. घरातले कंगवे आणि टोप्या वेगळ्या केल्या. एकाच जागी गोल चट्ट्यात केस तुटत असतील तर घरचे उपाय करत दिवस घालवू नका, कळकळीनं सांगतो.

जलतरण तलावावर पोहणारा, अंबाझरी

पाण्यात उतरण्याआधी केस साध्या पाण्यानं पूर्ण भिजवा. भिजलेला केस क्लोरीनचं पाणी कमी शोषतो. वर टोपी. बाहेर आल्यावर लगेच धुवा.

धागाकर्ता

लेआउटमधल्या बोअरच्या पाण्याबद्दल दोघांनी निरोपात विचारलं. आमच्याकडेही तेच आहे, मगावर पांढरा थर चढतो, साबणाला फेस येत नाही. महिनाभर शेवटचे दोन तांबे बहिणीकडून आणलेल्या नळाच्या पाण्याचे घेऊन पाहिले. केसांचा खरखरीतपणा कमी झाला, कंगवा अडकेना. तुटणं त्यानंच थांबलं असं मात्र म्हणणार नाही, कारण टॉवेल आणि हेल्मेटची सवय तेव्हाच बदलली होती.

किती दिवस लागले असंही विचारलंय. मार्चमध्ये सगळे केस बारीक करून घेतले. दसऱ्याला कानशिलावरचे केस पहिल्यांदा कंगव्याखाली बसले.