‘ॲट पार’, ‘बिलो पार’, ‘पार फॉर द कोर्स’ : हा ‘पार’ नेमका कुठला?

शब्दवेडी

भाषांतरासाठी आलेल्या एका मजकुरात ‘पार’ पाच ठिकाणी आहे. शेअर ‘ॲट पार’ दिले. चेक ‘पेएबल ॲट पार’ आहे. गेल्या तिमाहीतलं काम ‘बिलो पार’ झालं. नवा कारखाना जुन्याशी ‘ऑन अ पार’ आहे. आणि शेवटी, उशीर होणं हे ‘पार फॉर द कोर्स’. शब्दकोशात ‘समानता, बरोबरी’ एवढंच मिळतं आणि ते दोनच ठिकाणी बसतं. माझे प्रश्न असे:

हा शब्द आला कुठून? आपल्या ‘पार करणे’शी त्याचं काही नातं आहे का? आणि गोल्फमध्ये ‘अंडर पार’ म्हणजे कौतुक, तर बाकी सगळीकडे ‘बिलो पार’ म्हणजे कमीपणा, हे कसं?

मोडीवाचक

मूळ लॅटिन. ‘पार’ म्हणजे समान, जोडीचा. पण लॅटिनमध्ये त्याचा आणखी एक अर्थ आहे आणि तो मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही: सम संख्या. ‘पार’ म्हणजे सम, ‘इम्पार’ म्हणजे विषम. आपल्या ‘सम’ शब्दात बरोबरी आणि दोनने भाग जाणं हे दोन्ही अर्थ आहेत, अगदी तसंच. रोमन लोक ‘पार इम्पार’ नावाचा खेळ खेळत. मुठीत काही वस्तू धरायच्या आणि समोरच्याने सम की विषम ते ओळखायचं. म्हणजे आपली चिंचोक्यांची एकी-बेकी. सम्राट ऑगस्टसने जेवायला आलेल्या पाहुण्यांना फासे किंवा पार इम्पार खेळायला प्रत्येकी 250 देनारी (रोमन चांदीची नाणी) दिल्याची नोंद रोमन चरित्रकार स्युटोनियसने केली आहे.

या शब्दाचा गोतावळा इंग्रजीत मोठा आहे. ‘पेअर’ म्हणजे जोडी, हा त्याच शब्दाच्या अनेकवचनावरून आला. ‘कम्पेअर’ म्हणजे दोन गोष्टी जोडीने ठेवून पाहणं. ‘डिस्पॅरिटी’ उघडच आहे. ‘डिस्पॅरेज’ म्हणजे आज कमी लेखणं, पण जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ होता बरोबरीच्या नसलेल्या घरात लग्न लावून देणं. मुलं सांभाळायला घरात राहणाऱ्या मुलीला ‘ओ पेअर’ म्हणतात, तेही फ्रेंच: बरोबरीच्या नात्याने.

‘पीअर’ हाही यातलाच. इंग्लंडच्या उमरावांना पीअर म्हणतात याचं अनेकांना नवल वाटतं, कारण ते सामान्यांच्या बरोबरीचे मुळीच नव्हते. ते एकमेकांच्या बरोबरीचे होते. 1215 च्या मॅग्ना कार्टा या इंग्लंडच्या राजाने दिलेल्या सनदेच्या 39 व्या कलमात ‘यूदिकियुम पारियुम सुओरुम’ असे शब्द आहेत, म्हणजे आपल्या बरोबरीच्या लोकांनी केलेला न्याय. त्यातलं ‘पारियुम’ हे ‘पार’चंच षष्ठी बहुवचन. म्हणून ‘पीअर रिव्ह्यू’ला ‘समवयस्क परीक्षण’ म्हणणं चूक आहे. तिथे वयाचा संबंध नाही. ‘समकक्ष परीक्षण’ म्हणा.

मला सगळ्यात आवडतो तो ‘अंपायर’. जुन्या फ्रेंचमध्ये ‘नॉनपेर’ म्हणजे जो जोडीत बसत नाही तो. दोघांचा वाद, निवाडा करणारा तिसरा, म्हणजे एकी-बेकीतली एकी. मध्ययुगीन इंग्रजीत तो ‘अ नूम्पेर’ होता. बोलताना ‘न’ मागच्या ‘अ’ला चिकटला आणि ‘ॲन ऊम्पेर’ झाला. ‘नॅप्रन’चा ‘ॲप्रन’ झाला तो याच वाटेने.

आपला ‘पार’ मात्र वेगळा. पैलतीर, पलीकडे या अर्थाचा संस्कृत ‘पार’ हा ओलांडण्याच्या धातूवरून आला. त्याचे इंग्रजीतले नातेवाईक ‘फेरी’ म्हणजे पैलतीरी नेणारी होडी आणि ‘फेअर’ म्हणजे प्रवासाचं भाडं. लॅटिन ‘पार’शी त्याचा संबंध जोडू नका. ‘पार एक्सलन्स’ आणि ‘पार आव्हियाँ’मधला पार हे फ्रेंच शब्दयोगी अव्यय आहे, लॅटिन ‘पेर’वरून आलेलं. ‘पॅरलल’ ग्रीक आहे. अर्थ ‘समांतर’ असल्याने हा हमखास फसवतो.

ताळेबंद

व्युत्पत्ती वर नीट आली आहे. व्यवहारात एक गोष्ट धरून चाला: ‘पार’ म्हणजे नुसती समानता नव्हे, आधीच ठरवलेल्या एका खुणेशी समानता. ती खूण कोणती हे सापडलं की मराठी शब्द आपोआप सुचतो. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला तो व्यापारातूनच, दोन देशांच्या नाण्यांची बरोबरी सांगायला.

ती बरोबरी कशी काढत ते पाहा. ब्रिटिश सॉव्हरिनमध्ये, म्हणजे एका पौंडाच्या सोन्याच्या नाण्यात, शुद्ध सोनं 113.0016 ग्रेन (ग्रेन हे वजनाचं जुनं इंग्रजी माप). अमेरिकेच्या एका सोन्याच्या डॉलरमध्ये 23.22 ग्रेन. भागाकार 4.8665. म्हणून सुवर्णमानाच्या, म्हणजे चलनाची किंमत सोन्याशी बांधलेली असण्याच्या, काळात एका पौंडाचा ‘पार’ 4.8665 डॉलर. बाजारातला भाव याच्या थोडा वर-खाली व्हायचा, पण फार लांब जात नसे, कारण फरक सोनं जहाजाने पाठवण्याच्या खर्चापेक्षा जास्त झाला की लोक हुंडीऐवजी सोनंच पाठवत.

आपल्याकडेही हा हिशोब रोजचा होता. पेशवाईत चांदवडी, अंकुशी असे किती तरी रुपये चालत. एका रुपयाच्या बदल्यात दुसरा घेताना सराफ चांदी आणि झीज पाहून जी कसर कापी, तो बट्टा. ‘नावाला बट्टा लागला’ म्हणतो तोच शब्द. बट्टा न कापता पूर्ण किंमत मिळाली तर तो व्यवहार ‘ॲट पार’. तुमच्या चेकवरच्या ओळीचा अर्थ हाच आहे. परगावचा चेक वसुलीसाठी त्या गावी जायचा, बँक वसुलीचा आकार कापायची आणि हातात रक्कम कमी यायची. ‘पेएबल ॲट पार ॲट ऑल ब्रँचेस’ म्हणजे कुठल्याही शाखेत, काहीही न कापता, पूर्ण रक्कम. इथे ‘सममूल्यावर देय’ हा छापील शब्द बरोबर असला तरी वाचणाऱ्याला काही सांगत नाही. ‘सर्व शाखांत पूर्ण रक्कम देय’ लिहा.

शेअरच्या बाबतीत खूण म्हणजे दर्शनी किंमत, शेअरवर लिहिलेली मूळ किंमत. दर्शनी किंमत 10 रुपये आणि शेअर 10 लाच दिला तर ‘ॲट पार’. 250 ला दिला तर 10 रुपये भागभांडवलात जातात आणि 240 अधिमूल्याच्या वेगळ्या खात्यात. 10 पेक्षा कमीला देता येत नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 53 ने ते बंद केलं आहे, अपवाद स्वेट इक्विटीचा (कर्मचारी-संचालकांना कामाच्या मोबदल्यात दिलेले शेअर) आणि, 2017 च्या दुरुस्तीनंतर, ठरावीक कर्ज-पुनर्रचनेत धनकोंना कर्जाच्या बदल्यात दिलेल्या शेअरचा.

भाषांतरात घोळ होतो तो लाभांशाशी. ‘50 टक्के लाभांश’ हा दर्शनी किमतीवर असतो. 10 च्या शेअरवर 5 रुपये, बाजारभाव 250 असला तरी 5 च. आणि 10 चा शेअर फोडून 2 रुपयांचे पाच केले की तोच 50 टक्के म्हणजे शेअरमागे 1 रुपया होतो. म्हणून टक्क्यासोबत दर्शनी किंमत लिहिल्याशिवाय वाक्य पुरं समजू नका. दर्शनी किमतीचा खऱ्या मोलाशी संबंध असतोच असं नाही. ॲपलच्या शेअरचा पार 0.00001 डॉलर आहे.

रोख्यांत तीच खूण जास्त बोलते. 1000 रुपयांचा रोखा, व्याज 7 टक्के म्हणजे वर्षाला 70, मुदत 10 वर्षं. बाजारातला दर 7 असेल तर रोखा पारवर. दर 8 झाला की किंमत सुमारे 933 वर येते, कारण नवा रोखा 80 देत असताना 70 वाला कोणी पूर्ण किमतीला घेणार नाही. दर 6 झाला की सुमारे 1,074. मुदत संपताना मात्र तिन्ही बाबतींत 1000 च मिळतात. ‘बिलो पार’ रोखा दिसला की लोक लगेच ‘दर्जा खालावलेला’ असं लिहितात. नुसता व्याजदर चढल्यानेही ते होतं, कंपनीत काही बिघडलेलं नसतं. तिथे ‘दर्शनी किमतीपेक्षा कमी भावात’ एवढंच लिहा.

हिरवळ

गोल्फचं मी सांगतो. नियम तोच, खूण वेगळी. गोल्फमध्ये मोजतात ते फटके, आणि फटके जितके कमी तितका खेळाडू चांगला. म्हणून खुणेच्या खाली जाणं कौतुकाचं. शब्दाचा अर्थ उलटा झालेला नाही. मोजायची वस्तू अशी आहे की ती कमी असणंच चांगलं.

हा शब्द गोल्फमध्ये शेअरबाजारातूनच आला. 1870 साली स्कॉटलंडमध्ये प्रेस्टविकच्या ओपन स्पर्धेआधी डोलमन नावाच्या गोल्फ-लेखकाने डेव्हिड स्ट्रॅथ आणि जेम्स अँडरसन या खेळाडूंना विचारलं, बिनचूक खेळ झाला तर किती फटके लागावेत? उत्तर आलं, तिथल्या 12 होलना (चेंडू ज्यांत घालायचा ते खड्डे) 49. डोलमनने त्याला ‘पार’ म्हटलं. स्पर्धा तीन फेऱ्यांची, म्हणजे पार 147. यंग टॉम मॉरिसने 149 फटक्यांत ती जिंकली, पारपेक्षा दोन जास्त.

आज होलचा पार असा बसवतात: चेंडू ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, पोचायला लागणारे फटके अधिक ग्रीनवरचे दोन. पोचायला एक लागत असेल तर पार 3, दोन लागत असतील तर 4, तीन लागत असतील तर 5. पुरुषांसाठी साधारण 260 यार्डांपर्यंत पार 3, 240 ते 490 पर्यंत 4, 450 ते 710 पर्यंत 5. सीमा एकमेकींत शिरलेल्या आहेत त्या मुद्दाम. चढ, पाणी, वळण पाहून निर्णय घेता यावा म्हणून. चार होल पार 3 चे, दहा 4 चे आणि चार 5 चे असले की 12, 40 आणि 20 मिळून मैदानाचा पार 72.

‘बोगी’ आज पारपेक्षा एक जास्त. पण 1890 च्या दशकात इंग्लंडमध्ये ‘बोगी’ हाच चांगल्या हौशी खेळाडूचा ठरलेला आकडा होता. पुढे खेळ सुधारला, पारची खूण आणखी कडक झाली आणि बोगी एका फटक्याने मागे राहिली. जुन्या मजकुरात बोगी दिसली तर साल बघून भाषांतर करा.

‘पार फॉर द कोर्स’मधला ‘कोर्स’ म्हणजे हे मैदान, अभ्यासक्रम नव्हे. या मैदानावर एवढे फटके लागायचेच, असा भाव. बोलीत तो तक्रारीकडे झुकतो. ‘हे नेहमीचंच’ चपखल बसतं.

सुईणघर

एका सापळ्याची सूचना. बाळंतपणाच्या कागदांवर ‘पारा’ आणि ‘पॅरिटी’ असतात. ते या कुळातले नाहीत. ते लॅटिन ‘पारेरे’ म्हणजे जन्म देणे यावरून आले, ‘पेरेंट’ही तिथूनच. केसपेपरवर ‘जी3 पी2 एल2’ असेल तर तिसरं गरोदरपण, आधी दोन बाळंतपणं, दोन मुलं हयात. इथे पॅरिटी म्हणजे बाळंतपणांची संख्या, मुलांची नव्हे. जुळी झाली तरी एकच धरतात. एकदाच बाळंत होऊन जुळं झालेल्या बाईच्या कागदावर ‘पी1 एल2’ दिसलं तर ती चूक समजून दुरुस्त करायला जाऊ नका. आणि ‘समता’ हा शब्द तर इथे चुकूनही नको.

खोलीसेवा

हॉटेलच्या कामातला ‘पार’ राहिला. तिथे ‘पार’ म्हणजे कायम हाताशी असायलाच हवा तेवढा साठा. 20 खोल्या, दर खोलीत एका वेळी 2 चादरी, म्हणजे एक पार 40 चादरींचा. एक पार पलंगांवर, एक धुलाईत, एक कपाटात, म्हणून निदान तीन पार, 120. धुलाई बाहेर देत असाल आणि कपडे दोन दिवसांनी येत असतील तर चौथा पार लागतो. स्वयंपाकघरात हिशोब आणखी सरळ: पार उणे शिल्लक म्हणजे मागणी. तेलाचा पार 30 लिटर, शिल्लक 12, तर 18 मागवा.

पार नेहमी चुकतो तो सरासरी खपावर बसवल्यामुळे. माल यायला लागणारे दिवस आणि सुट्ट्यांतली गर्दी त्यात धरलेली नसते, आणि नेमकं शनिवारी कपाट रिकामं होतं. मराठीत याला ‘किमान साठा’ म्हणतात, पण तो शब्द थोडा ढिला आहे. किमान म्हणजे ज्याच्या खाली जायचं नाही तो आकडा. पार म्हणजे प्रत्येक मागणीनंतर जिथे परत यायचं तो. ‘ठरलेला साठा’ जास्त बरोबर.

शब्दवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. खूण शोधायची हे सूत्र पाचही वाक्यांना लागू पडतंय. माझा मसुदा असा: शेअर दर्शनी किमतीला दिले. चेकची पूर्ण रक्कम कुठल्याही शाखेत देय. तिमाहीचं काम अपेक्षेला उतरलं नाही. नवा कारखाना जुन्याच्या तोडीचा आहे. उशीर तर नेहमीचाच.

मोडीवाचक

पाचही ठीक. चौथ्यात ‘तोडीचा’ ठेवा, पण आधी मूळ वाक्यात बरोबरी कशातली आहे ते पाहा. नुसती उत्पादनक्षमता म्हणायची असेल तर ‘जुन्याइतकीच क्षमता’ लिहा. ‘तोडीचा’ म्हटलं की त्यात गुणवत्ताही येते आणि कंपनीने न केलेला दावा तुमच्या हातून होतो.

मजकूर इंग्लंड-अमेरिकेत परत जाणार असेल तर एक लक्षात ठेवा. आपल्याकडच्या इंग्रजीत बरोबरीच्या अर्थी सर्रास ‘ॲट पार विथ’ लिहितात. तिकडे ‘ऑन अ पार विथ’ म्हणतात आणि ‘ॲट पार’ मुख्यतः किमतीसाठीच राखून ठेवतात.